माइकसमोरचा अ‍ॅम्प

गिटारचा नवा प्रोसेसर (अ‍ॅम्प आणि इफेक्टचे आवाज आतल्या आत तयार करणारं यंत्र) घरी आला की पहिली संध्याकाळ बहुतेकांची सारखीच जाते. हेडफोन लावायचे, पहिल्या नंबरपासून सुरुवात करायची आणि पायाने पुढचा, पुढचा, पुढचा प्रीसेट, म्हणजे आत साठवलेली आवाजाची तयार मांडणी, दाबत सुटायचं. एक कॉर्ड मारावी तर ती दोन्ही कानांत घुमत राहते, मागून डिलेचे प्रतिध्वनी, त्यात कोरसची थरथर, वर आणखी काहीतरी चमचमतं. माणूस हरखून जातो. मग रविवारी बँडच्या प्रॅक्टिसला तोच प्रीसेट लावतो, ड्रमर चार काड्या मोजतो आणि गिटार गायब. दिसते आहे, ऐकू येत नाही.

कारण साधं आहे. कंपनीने भरून पाठवलेले प्रीसेट दुकानात एकट्याने, हेडफोनवर वाजवून बघणाऱ्या गिऱ्हाइकासाठी केलेले असतात. त्याच्यासोबत बेस नाही, कीबोर्ड नाही, गाणारी नाही. सगळी जागा मोकळी, म्हणून ती रिव्हर्बच्या घुमण्याने भरून टाकलेली. मला त्यात लबाडी वाटत नाही, साडीच्या दुकानातले दिवेही तसेच असतात. पण मी हल्ली फॅक्टरी प्रीसेटच्या वाटेला जात नाही. रिकामा प्रीसेट उघडतो, त्यात एक अ‍ॅम्प आणि एक कॅबिनेट (स्पीकरची पेटी) ठेवतो, बस्स. एवढ्यावर अर्धा तास वाजवत बसावंसं वाटलं तर पुढचं बघायचं. नाही वाटलं तर घोळ त्या दोघांतच आहे, आणि तो घोळ वर कितीही इफेक्ट चढवले तरी झाकला जात नाही.

‘डिजिटल वाटतं यार, खऱ्या ट्यूब अ‍ॅम्पची मजा नाही’, ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की आता वाद घालत नाही. पण एक गोष्ट मनात येतेच. आपल्याकडे हे म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी जोरात सोडलेला व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्यूबचाच, अ‍ॅम्प त्याच खोलीत उभं राहून ऐकलेला असतो? हा टोमणा नाही, माझीही गत फार वेगळी नाही. आयात शुल्क, ते धूड उचलायचं कोणी, व्हॉल्व्ह गेला तर दुसरा आणायचा कुठून, आणि समजा हे सगळं जमलं तरी शंभर वॉटचा मार्शल पुण्या-ठाण्याच्या सोसायटीत वाजवणार कधी? आमच्यापैकी बहुतेकांकडे म्हणून प्रोसेसर आधी आला आणि अ‍ॅम्प कधी आलाच नाही. ऑर्केस्ट्रातला गिटारवाला पायाशी एखादं झूमचं नाहीतर बॉसचं यंत्र ठेवून तार सरळ मिक्सरला द्यायचा, अजूनही देतो.

मग ट्यूब अ‍ॅम्पचा आवाज आपल्याला माहीत कसा? कॅसेटवरून, सीडीवरून, रेडिओवरून. कोणीतरी स्टुडिओत अ‍ॅम्पच्या जाळीला जवळजवळ चिकटवून माइक ठेवला, तो आवाज मिक्सरमधून गेला, खालचा-वरचा भाग कापला गेला, बाकीच्या वाद्यांत बसवला गेला आणि मग आपल्या घरी आला. ज्या आवाजांवर आपण जीव टाकला ते सगळे माइकने ऐकलेले अ‍ॅम्प आहेत. आणि प्रोसेसर नेमकं तेच देतो. अ‍ॅम्प देत नाही, माइक लावलेला अ‍ॅम्प देतो. ज्या वादकाची उभी हयात पाठीमागे अ‍ॅम्प ठेवून, विजारीला हवा लागेल इतक्या जोरात वाजवण्यात गेली त्याला हे अपुरं वाटणं मी समजू शकतो. आपली मात्र तक्रार असायचं कारण नव्हतं. उलट आपल्या कानांना हाच आवाज सवयीचा आहे. फक्त एक होतं: अ‍ॅम्पवाल्याच्या हाती नॉब तेवढे असतात, प्रोसेसरवाल्याच्या गळ्यात त्यासोबत स्पीकर, माइक आणि स्टुडिओतल्या रेकॉर्डिस्टचं कामही पडतं. ते काम करायचंच नाही असं ठरवलं तर महागातलं महाग यंत्रही करकरतंच.

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो आता सगळीकडे मिळतो. खऱ्या आवाजाची नक्कल गणिताने करणं म्हणजे मॉडेलिंग. त्यातला रोलंडचा व्हीजी-८ १९९५चा. लाइन सिक्सने आधी मॉडेलिंगचा अ‍ॅम्प काढला आणि १९९८मध्ये तो लाल, मधे आत वळलेला पॉड. टेबलावर बसून अ‍ॅम्पचा आवाज रेकॉर्ड करणं सामान्य माणसाच्या आवाक्यात आणलं ते त्याने. मग क्लिफ चेस यांच्या फ्रॅक्टल ऑडिओचं अ‍ॅक्स-एफएक्स, ज्यात अ‍ॅम्पच्या सर्किटचाच एकेक भाग गणितात मांडलेला. त्यानंतर जर्मनीतले क्रिस्टोफ केम्पर. हे मूळचे सिंथेसायझरवाले. त्यांनी उलट बाजूने सुरुवात केली: सर्किट सोडा, समोरच्या खऱ्या अ‍ॅम्पला ठरावीक आवाज पाठवा, परत काय येतं ते बघा आणि त्याची छबी घ्या. २०१५ला लाइन सिक्सचंच हेलिक्स आलं, पुढे फिनलंडच्या न्यूरल डीएसपीचं क्वाड कॉर्टेक्स. तिथून पुढे आवाजाच्या दर्जावरून भांडण्यात अर्थ उरलेला नाही, असं माझं मत. फरक आहेत, पण ते वाजवणाऱ्याच्या बोटांपेक्षा लहान आहेत.

आता कॅबिनेटकडे येतो. लोक अ‍ॅम्पची मॉडेल्स बदलत बसतात. फेंडरवरून व्हॉक्सवर, व्हॉक्सवरून मार्शलवर. कॅबिनेटचा ब्लॉक मात्र यंत्राने आपोआप जे टाकलं तेच राहतं. आणि आवाजाची अर्धीअधिक ओळख तिथे असते.

गिटारचा स्पीकर घरच्या स्टिरिओच्या हिशेबाने पाहिला तर अगदीच भिकार असतो. बारा इंचांचा कागदी कोन, ट्वीटर नाही, पाचएक हजार हर्ट्झच्या वर आवाज झपाट्याने खाली येतो. पण त्याचं हे भिकारपणच आपल्याला गिटार म्हणून आवडतं. खात्री करायची असेल तर कुठलाही ड्राइव्हचा (फाटलेल्या आवाजाचा) प्रीसेट लावा आणि फक्त कॅबचा ब्लॉक बंद करा. (हेडफोनचा आवाज आधी कमी करा.) जे ऐकू येईल ते अ‍ॅम्पमधून बाहेर पडणारं खरं मटेरियल आहे. त्याचं संगीत स्पीकर करतो.

प्रोसेसरमध्ये हा स्पीकर बहुधा इम्पल्स रिस्पॉन्सच्या रूपात असतो. सगळे आयआर म्हणतात, मीही तेच म्हणतो. खऱ्या कॅबिनेटमधून अगदी खालच्या स्वरापासून अगदी वरच्या स्वरापर्यंत सरकत जाणारा एक आवाज सोडतात, समोरच्या माइकने तो टिपतात आणि मूळ आवाजाशी तुलना करून त्या कॅबिनेटने, त्या माइकने, त्या जागेने कुठे काय वाढवलं-घटवलं याचा ठसा काढतात. ४८ किलोहर्ट्झला २०४८ नमुन्यांचा आयआर म्हणजे जेमतेम ४३ मिलिसेकंदांची फाइल. तेवढ्यात सगळं येतं. येत नाही ते एकच: स्पीकरला फार रेटल्यावर तो स्वतः जो थोडा फाटतो, ते. ती कमतरता मला फारशी जाणवत नाही. ज्याला जाणवते त्याने यंत्रात स्पीकर ड्राइव्हसारखी सोय असेल तर ती थोडीशी उघडावी.

आयआरमध्ये माइकची जागाही कायमची बसलेली असते, आणि जागेचा फरक कल्पनेपेक्षा मोठा असतो. कोनच्या बरोब्बर मधे जी गोल टोपी असते तिच्यासमोर माइक असेल तर आवाज धारदार, कधी कधी डोक्यात जाणारा. तोच माइक इंचभर कडेला सरकवला की धार बोथट होऊन मधला भाग पुढे येतो. आणखी कडेला नेला तर काळपट. स्पीकर तोच, माइक तोच, अगदी १९६५पासून गिटारच्या अ‍ॅम्पसमोर उभा असलेला शुअरचा एसएम५७. म्हणून ट्रेबलचा नॉब फिरवण्याआधी माइक सरकवून बघावा. बऱ्याच नव्या यंत्रांत पडद्यावर बोटाने तो सरकवता येतो. नसेल तर त्याच कॅबचा वेगळ्या जागेचा आयआर घ्यावा. सेलेशनसारखी कंपनी स्वतःच्याच स्पीकरांचे आयआर विकते. त्यांतला ग्रीनबॅक मऊ, थोडा खरखरीत. व्हिंटेज ३० मिडमध्ये, म्हणजे मधल्या आवाजात, पुढे येऊन बोलणारा. या दोन जातींचे दोन-दोन चांगले आयआर एवढी शिदोरी पुरते. पाचशे आयआरचं फुकट फोल्डर उतरवून घेणाऱ्यांचे कान विसाव्या फाइलपाशी थकतात आणि नंतर सगळेच सारखे वाटू लागतात. शिवाय दोन आयआरची तुलना करताना दोघांचा आवाज सारख्या उंचीवर आणला नसेल तर जो किंचित मोठा तोच बरा वाटतो. कान असाच फसतो, दरवेळी.

मी स्वतः काय करतो ते जरा जवळून सांगतो. अ‍ॅम्प मार्शलच्या जातीचा, गेन (आवाज किती फाटेल ते ठरवणारा नॉब) निम्म्याला. कॅबच्या ब्लॉकमध्ये लो-कट आणि हाय-कट असे अनुक्रमे खालचा आणि वरचा आवाज कापणारे दोन नॉब असतात, कारखान्यातून आलेले तेव्हा दोन्ही सताड उघडे. मी उजव्या तळव्याने तारा दाबून धरतो आणि सहाव्या तारेवर ई एकसारखा वाजवत राहतो. डाव्या हाताला काही काम नाही, तो नॉबवर. हाय-कट वीस हजार हर्ट्झपासून खाली आणतो. दहा हजारापर्यंत काही घडत नाही. आठ हजारापाशी कानाच्या पडद्यावर नखाने ओरखडल्यासारखं जे वाटत होतं ते जातं. सहा हजारापाशी स्वराची कड अजून आहे, पण ती आता तारेची वाटते, यंत्राची नाही. पाच हजारावर आवाजावर पांघरूण पडतं, तेव्हा थोडं परत वर. मग लो-कट. तो ऐंशीपासून वर सरकवताना दाबलेल्या ई-मागची जी घुं आहे ती नव्वद-शंभरच्या आसपास आवरते आणि टक् टक् उरतं. एकट्याने ऐकताना हा आवाज आधीपेक्षा लहान वाटेल. वाटू दे. खालची जागा बेसची आहे, वरची झांजांची. त्या दोघांच्या मधे जो पट्टा उरतो तेवढाच गिटारचा, आणि तो भरपूर आहे.

याच्याच जोडीला आवाजाची पातळी. १९३३मध्ये बेल लॅब्जच्या फ्लेचर आणि मनसन यांनी मोजून दाखवलं की माणसाचा कान हळू आवाजात खर्ज आणि अतिवरचा भाग कमी ऐकतो. आवाज वाढला की हे दोन्ही टोकांचे भाग आपोआप पुढे येतात. रात्री अकराला, मुलं झोपल्यावर, शेजारच्या काकांना ऐकू जाणार नाही अशा बेताने जो प्रीसेट बनतो त्यात म्हणूनच बास वाढवलेला असतो, ट्रेबल वाढवलेली असते आणि मिडला खड्डा. तोच प्रीसेट रंगमंचावर मोठ्या आवाजात सोडला की बास धबधबतो, ट्रेबल टोचते आणि मधे काहीच नाही. मंडपात गिटार गायब होण्याचं हे सगळ्यात मोठं कारण, यंत्राची किंमत नव्हे.

उपाय एकच, पण घरात अडचणीचा: प्रीसेट मोठ्या आवाजात बनवायचा. दर आठवड्याला नाही, एकदाच. प्रॅक्टिसच्या खोलीत तासभर आधी पोहोचायचं, यंत्र पीएला (कार्यक्रमाच्या मोठ्या स्पीकरांना) किंवा एखाद्या फुल-रेंज मॉनिटरला लावायचं आणि बँड जितक्या जोरात वाजवतो तितक्या जोरात शेवटचं ईक्यू, म्हणजे बास-मिड-ट्रेबलचा तोल, करायचं. वेगवेगळ्या प्रीसेटच्या पातळ्याही तिथेच जुळवायच्या. मीटरवर बघून नाही, कारण स्वच्छ आवाजाचे शेंडे उंच असतात आणि ड्राइव्हचा आवाज दाबून सपाट झालेला असतो. मीटरवर दोन्ही एका रेषेत आले तरी कानाला ड्राइव्ह मोठाच लागतो. घरी मग काय करायचं? बोटांचा रियाज, गाणी बसवणं, इफेक्टच्या साखळ्या मांडणं. नॉबना हात न लावता.

नॉबचा विषय निघालाच आहे तर मॉडेलमागच्या खऱ्या अ‍ॅम्पबद्दल थोडं. बहुतेक जण बास, मिड, ट्रेबल सगळे पाचवर ठेवतात, जणू पाच म्हणजे सपाट. अ‍ॅम्पच्या जगात पाच म्हणजे काहीच नाही. जुन्या फेंडरच्या टोन सर्किटमध्ये सगळं मधोमध ठेवलं तर चारशे-पाचशे हर्ट्झच्या आसपास मोठा खळगा असतो. तिथे जवळपास सपाट आवाज हवा असेल तर बास आणि ट्रेबल शून्यावर, मिड दहावर. विचित्र दिसतं, पण करून बघा. हे तिन्ही नॉब एकमेकांत गुंतलेलेही असतात, एक फिरवला की बाकीचे दोघे वेगळे वागतात. व्हॉक्सच्या एसी३०मध्ये मिडचा नॉबच नाही, आणि जो कट नावाचा नॉब आहे तो उलटा चालतो: वाढवला की वरचा आवाज कमी. मेसाच्या मार्क मालिकेत टोनचे नॉब गेनच्या आधी येतात. तिथे बास पाचवर ठेवला की ड्राइव्ह चिखल होतो. तो एक-दोनवर आणून नंतरच्या ग्राफिक ईक्यूत खालचा भाग परत द्यायचा, अशी त्या अ‍ॅम्पची रीतच आहे. आणि जुन्या, मास्टर नसलेल्या मार्शलमध्ये व्हॉल्यूम हाच गेन. तो तीनवर ठेवून ‘मॉडेलमध्ये दम नाही’ म्हणणारे मला भेटले आहेत.

यंत्र बनवणाऱ्यांनी हे सगळे स्वभाव इमानदारीने उतरवलेले असतात. म्हणून माझा सल्ला असा की प्रोसेसरची पुस्तिका वाचण्याआधी त्या मूळ अ‍ॅम्पची पुस्तिका वाचा. नेटवर मिळतात, चार-सहा पानांच्याच असतात. एखादा अ‍ॅम्प धरा, दोन महिने दुसऱ्याकडे बघू नका. आणखी एक: मास्टर आणि चॅनल व्हॉल्यूम यांत गल्लत नको. मास्टर वाढवला की पॉवर अ‍ॅम्प राबायला लागतो आणि आवाजाचा पोत बदलतो. चॅनल व्हॉल्यूम फक्त लहान-मोठं करतो. पातळी जुळवायला दुसरा.

गेनबद्दल सगळे सांगतात, ‘कमी ठेवा’. खरं आहे, पण का ते क्वचित सांगतात. गेन वाढतो तसा आवाज दाबला जातो. जोरात मारलेली आणि हळू मारलेली तार सारखीच ऐकू येते, कॉर्डमधले स्वर एकमेकांत मिसळतात. एकट्याला ते भरल्यासारखं वाटतं, बँडमध्ये तो नुसता पडदा होतो. जड आवाज हवा असेल तर ट्यूब स्क्रीमरच्या जातीचा पेडल अ‍ॅम्पच्या आधी ठेवावा, त्याचा ड्राइव्ह जवळपास शून्य, लेव्हल वर. तो खालचा भाग कमी करून सातशे हर्ट्झच्या आसपासचा मिड पुढे ढकलतो आणि अ‍ॅम्पला घट्ट करतो. अ‍ॅम्पचा गेन त्यामुळे आपोआप कमी पुरतो.

गिटारवर व्हॉल्यूमचा नॉब असतो हे प्रोसेसरवाले विसरतात, कारण पायाखाली आठ बटणं आहेत. अ‍ॅम्पचं मॉडेल चांगलं असेल तर गिटारचा नॉब दहावरून सहावर आणला की ड्राइव्ह विरघळून जवळजवळ स्वच्छ आवाज मिळतो. हे नीट जमण्यासाठी यंत्राच्या इनपुटचा इम्पिडन्स (विद्युत अडथळा) मोठा हवा, दहा लाख ओहमच्या घरात. गिटार सरळ मिक्सरच्या लाइन इनपुटला लावली तर जो मेल्यासारखा आवाज येतो त्याचं कारण हेच, तिथे हा आकडा फार लहान असतो आणि पिकअपचा वरचा आवाज तो खाऊन टाकतो. एक अ‍ॅम्प, एक बूस्ट आणि हाताशी व्हॉल्यूमचा नॉब एवढ्यात आख्खी मैफल होते. मी गाण्यागणिक प्रीसेट करत नाही. ज्यांना करायचे त्यांनी निदान एकाच प्रीसेटमध्ये सीन किंवा स्नॅपशॉट (त्याच मांडणीच्या साठवलेल्या वेगवेगळ्या स्थिती) करावेत, म्हणजे बदलताना डिलेची शेपटी तुटत नाही.

डिले आणि रिव्हर्बवर फार लिहीत नाही, त्यांचे व्हिडिओ पोत्याने आहेत. गणित सोपं: साठ हजाराला लयीच्या बीपीएमने (मिनिटाला किती ठोके) भागायचं. १२०च्या लयीत एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा, आणि तो सगळ्यांचा लाडका पाऊण ठोक्याचा डिले ३७५चा. हा पाऊण ठोका चारच्या चालीत खुलतो. आपली कितीतरी गाणी दादऱ्याच्या अंगाची, सहाची आहेत. तिथे तोच डिले लावला की ढोलकीच्या मधेमधे भलतेच ठोके पडतात. तिथे एका मात्रेवर नाहीतर तीन मात्रांवर ठेवावा. आणि आपल्याकडे क्लिकवर (मेट्रोनोमवर) वाजतं किती? अंतरा संपेपर्यंत लय चढलेली असते. म्हणून लय ठोकून द्यायचं टॅपचं बटण पायाजवळ, आणि डिलेचं प्रमाण इतकंच की चुकला तरी फक्त तुम्हालाच कळावं.

आता मंडप. इथे प्रोसेसरवाल्याची बाजू खरं म्हणजे भक्कम असते: माइक नको, अ‍ॅम्प भाड्याने नको, एक तार दिली की झालं. पण साउंडवाल्याला काय द्यायचं ते आपल्याला ठाऊक हवं. गणपतीतल्या एका कार्यक्रमाच्या आधीचा हा संवाद, जवळपास दरवेळी असाच घडतो.

‘दादा, दोन तारा देऊ का, स्टिरिओ आहे.’

‘एकच द्या हो. दोन चॅनल कुठून आणू? कीबोर्डवाल्याला दिले दोन.’

‘चालेल. लेफ्ट देतो. फँटम बंद ठेवा तेवढा.’

‘बंद आहे. हां, वाजवा... लीड वाजवा ना, तुमचा सगळ्यात मोठा आवाज.’

त्या शेवटच्या वाक्यासाठी मी दादांना मानतो. सोलोचा सर्वांत मोठा आवाज आधी ऐकवला की ते चॅनलचा गेन त्यावर बसवतात, मग बाकीचं सगळं आत मावतं. आधी हळू वाजवून मग कार्यक्रमात बूस्ट मारला तर ते फेडर खाली ओढतात आणि रात्रभर वर करत नाहीत. एकच चॅनल मिळणार हे धरून चालावं. आउटपुट मोनो करून सगळे प्रीसेट आधी ऐकावेत. डावी-उजवीकडे दोन वेगवेगळे अ‍ॅम्प लावून केलेला भव्य आवाज मोनोत एकत्र झाला की एकमेकांना कापतो आणि पोकळ होतो. डावी-उजवीकडे आळीपाळीने जाणाऱ्या पिंग-पाँग डिलेची एक बाजू तर लेफ्टची तार दिली की थेट नाहीशी होऊ शकते. फँटमचं यासाठी विचारायचं की मिक्सरवरून माइकसाठी येणारे ते ४८ व्होल्ट काही यंत्रांच्या आउटपुटला सोसत नाहीत. पुस्तिकेत तसं बजावलेलं असतं.

घूं येत असेल तर मिक्सरला जाणाऱ्या एक्सएलआर तारेच्या खाचेजवळचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबून बघा. बहुतेक वेळा थांबते. पण प्लगची तिसरी पिन काढून टाकायची नाही, आयुष्यात नाही. मंडपातलं अर्थिंग मुळातच भरवशाचं नसतं. गिटारच्या तारांवर हात आणि माइकला ओठ लागला की जो झटका बसतो तो याच कारणाने, आणि तो विनोदाचा विषय नाही. अमेरिकेतल्या मावशीने आणलेल्या यंत्राचा अ‍ॅडॅप्टरही आधी वाचा. त्यावर फक्त १२० व्होल्ट लिहिलेलं असेल तर आपल्या २३०ला तो एका क्षणात जातो. पेडलांच्या नऊ व्होल्टच्या पिनला बहुधा मधे ऋण असतं, बाहेरून आणलेल्या स्वस्त अ‍ॅडॅप्टरला उलटं असू शकतं.

कधी आयोजक अ‍ॅम्प ठेवतात, बऱ्याचदा रोलंडचा जेसी-१२०, १९७५पासूनचा तो दणकट ट्रान्झिस्टरवाला. प्रोसेसर त्याच्या पुढच्या इनपुटला लावला की अ‍ॅम्पपुढे अ‍ॅम्प, स्पीकरपुढे स्पीकर असं होतं आणि आवाज घोंगडीखालून येतो. त्याऐवजी मागच्या रिटर्नमध्ये (तिथून थेट पॉवर अ‍ॅम्प लागतो) तार घालायची आणि त्या आउटपुटचा कॅब बंद करायचा. खरा स्पीकर समोर आहेच. चांगल्या यंत्रांत पीएला जाणाऱ्या तारेवर कॅब चालू आणि अ‍ॅम्पला जाणाऱ्या तारेवर बंद, असं एकाच वेळी करता येतं.

लेटन्सीची, म्हणजे यंत्रातून आवाज उशिरा येण्याची, भीती मला पटत नाही. आवाज हवेतून एका सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एक मीटरला तीनएक मिलिसेकंद. खऱ्या अ‍ॅम्पपासून दोन मीटरवर उभं राहणारा सहा मिलिसेकंद उशिरा ऐकतो आणि कधी कुरकुरत नाही. आजची बहुतेक यंत्रं याहून कमी वेळ घेतात. वायरलेस, कॉम्प्युटर, प्लगइन अशी साखळी वाढली तर मात्र बेरीज करून बघावी.

राहिला कॅप्चरचा, म्हणजे केम्परसारख्या अ‍ॅम्पच्या छबींचा, बाजार. स्टीव्हन अ‍ॅटकिन्सन यांचं न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर हे सॉफ्टवेअर फुकट आहे, मुक्त स्रोत आहे आणि त्याचा आवाज महागड्या यंत्रांच्या तोडीचा आहे. ज्याच्याकडे कॉम्प्युटर आणि साधा ऑडिओ इंटरफेस आहे त्याला आज यंत्र घ्यायची घाईच नाही. जगभरचे लोक आपापले अ‍ॅम्प टिपून टाकतात, त्यांत आपल्याला आयुष्यात बघायला मिळणार नाहीत असे अ‍ॅम्पही असतात. फक्त साधारण कॅप्चर म्हणजे नॉबच्या एका स्थितीचा फोटो. त्यात गेन वाढवला तर खरा अ‍ॅम्प जसा बदलला असता तसा तो बदलेलच असं नाही. म्हणून थोडा, मध्यम आणि भरपूर गेन असे एकाच अ‍ॅम्पचे दोन-तीन कॅप्चर घ्यावेत. इंटरफेसचा इनपुट गेनही जपून. सिग्नल किती जोरात आत जातो त्यावरच मॉडेल किती फाटेल ते ठरतं, आणि ‘हा कॅप्चर फारच जळका आहे’ अशा शेऱ्यांमागे पुष्कळदा तो एक नॉब असतो.

‘कोणता घेऊ?’ असं विचारणाऱ्या पोरांना मी आधी उलट विचारतो, आत्ता काय आहे? बहुतेकांकडे दहा-बारा वर्षांपूर्वीचं एखादं बॉस, झूम किंवा डिजिटेक असतं आणि ते विकून टाकायच्या तयारीत असतात. त्या यंत्रांतले ड्राइव्ह आणि डिले अजूनही कामाचे आहेत, अ‍ॅम्पही बरे आहेत. म्हातारा झालाय तो त्यांचा कॅब सिम्युलेटर. तो बंद करायचा आणि आउटपुटला एक छोटा आयआर लोडर जोडायचा, किंवा घरीच रेकॉर्ड करायचं असेल तर कॉम्प्युटरमध्ये फुकटच्या प्लगइनमध्ये आयआर टाकायचा. नव्या यंत्राच्या किमतीच्या अगदी लहानशा भागात काम होतं. परवा एकाने हे करून रेकॉर्डिंग पाठवलं आणि खाली लिहिलं होतं, ‘सर, आता हाय-कट किती ठेवू?’ मी त्याला विचारलं, ऐकतोस कशावर? मोबाइलच्या स्पीकरवर, म्हणाला. त्याला प्रॅक्टिसच्या खोलीचं भाडं तासाला किती आहे ते कळवलं आहे.